दोघांसाठी टेबल

गेल्या अंकात मी लिहिलं होतं, की नवरा-बायकोनं किंवा लग्न ठरलेल्या दोघांनी वर्षातून एकदा तरी फक्त दोघांनीच, चांगल्यापैकी महागड्या रेस्टॉरंटमध्ये निवांत जेवायला जावं. त्यावर बरीच पत्रं आली. कुठं जावं हे फार थोड्यांनी विचारलंय. बाकीच्यांना तिथं गेल्यावर काय करायचं आणि किती पैसे लागतील याची काळजी आहे. मी मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलच्या डायनिंग हॉलमध्ये स्टुअर्ड, म्हणजे वाढणारी, म्हणून लागले, तिथंच ऑर्डर घेणारी कॅप्टन झाले, पुढं पुण्यात रेस्टॉरंटची मॅनेजर होते. त्यामुळं वाढणाऱ्याच्या बाजूनं जे दिसतं ते सांगू शकते. पाच पत्रं निवडली आहेत. सगळ्यांत मोठं आधी.

प्रश्न : ताई, आमच्या लग्नाला या डिसेंबरात १६ वर्षं होतील. आजवर आम्ही बाहेर जेवलो ते आई आणि मुलांसह, थाळी नाहीतर पावभाजी-डोसा. या वेळी बायकोला कोरेगाव पार्कातल्या एखाद्या भारी रेस्टॉरंटमध्ये न्यायचं आहे. बजेट पाच हजार. मेन्यू कळला नाही तर काय, ही एक भीती. तिथं बसल्यावर ती ‘एवढ्यात महिन्याचा किराणा आला असता’ म्हणाली तर काय, ही दुसरी. तारीख नेमकी गुरुवारी येते आणि ती मार्गशीर्षातले गुरुवार करते. तिला आधी काही न सांगता न्यायचा विचार आहे. (एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे)

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. न सांगता नेऊ नका. संध्याकाळी साडेसहाला तुमच्या घरात काय चाललेलं असतं ते जरा आठवा. आईंच्या जेवणाची वेळ होत आलेली, मुलांचा अभ्यास, उद्याच्या डब्याची भाजी निवडायची, विरजण लावायचं. त्यात ‘चल, तयार हो’ म्हणालात तर ती येईल, पण तिचं निम्मं लक्ष घरच्या ओट्यापाशी राहील. चार-पाच दिवस आधी सांगा. कुठली साडी नेसायची, ब्लाउज होतोय का, यात जो आनंद असतो तो तिला मिळू द्या. आणि आईंचं जेवण, मुलांचं जेवण ही त्या दिवसापुरती तुमची जबाबदारी. पोळी-भाजी केंद्रातून आणा, बहिणीला बोलवा, जमत असेल तर स्वतः खिचडी टाका. बायकोला त्यात काहीही बघायला लागू नये. माझ्या मते त्या पाच हजारांपेक्षा ही भेट मोठी आहे.

गुरुवारचं म्हणाल तर बुधवारी जा. मार्गशीर्षातल्या गुरुवारी दिवसभराचा उपास, संध्याकाळची पूजा, कहाणी, नैवेद्य, हे सगळं करून नंतर कोरेगाव पार्क गाठायचं म्हणजे तिची दमछाक. त्या दिवशी घरी पुरणपोळी किंवा खीर होऊ द्या. जेवायला आदल्या दिवशी गेलात म्हणून काही बिघडत नाही. एक विचारून ठेवा : ती महिनाभर सामिष खात नसेल तर टेबल सांगताना तेही सांगा. शुक्रवार, शनिवार, रविवार टाळा. त्या दिवशी रेस्टॉरंटवाले एकच टेबल दोनदा भरायच्या हिशोबात असतात. साडेसातचे पाहुणे साडेनऊला उठले तरच पुढचं बुकिंग बसतं. तुम्हाला कुणी ऊठ म्हणणार नाही, पण बिल न मागता येतं आणि पाण्याचे ग्लास लवकर उचलले जातात. मंगळवार-बुधवारी हा प्रकार नसतो.

फोन करायचा तो सकाळी अकराच्या सुमारास किंवा संध्याकाळी साडेपाचला. भर जेवणाच्या वेळी फोन उचलणाऱ्याला तुमचं नीट ऐकायला सवड नसते. एवढं सांगा : दोघं, बुधवार, साडेसात, लग्नाचा वाढदिवस, भिंतीकडचं टेबल, एसीचा झोत अंगावर नको, स्वयंपाकघराचं दार आणि वॉशरूमचा बोळ यांपासून लांब. अमुक पदार्थ चालत नाही असं असेल तर तेही. बायकोला चारचौघांत केक कापणं आवडत नसेल तर ‘केक आणि गाणं नको’ हे स्पष्ट सांगा. नाही सांगितलंत तर वाढणारी मुलं हौसेनं टाळ्या वाजवत येतात. सिंहगड रस्त्यावरून संध्याकाळी तासाभराचा प्रवास धरा. आणि शक्यतो रिक्षानं किंवा कॅबनं जा, त्या गल्ल्यांत गाडी लावायला जागा शोधत फिरण्यात पहिली पंधरा मिनिटं चिडचिडीत जातात.

आता किराण्याचं. ती तसं म्हणाली तर त्यात तिचं काही चूक नाही, १६ वर्षं घर तिनंच तसं चालवलंय. म्हणून पैशांचं बोलणं घरीच संपवा. बहुतेक रेस्टॉरंटचा मेन्यू किमतींसकट वेबसाइटवर किंवा गुगलवर सापडतो. तो दोघांनी मिळून वाचा आणि हिशोब मांडा. पुण्यात अशा ठिकाणी अंदाजे असा धरा : दोन स्टार्टर प्रत्येकी साडेपाचशे, दोन मेन कोर्स प्रत्येकी साडेसातशे, भात किंवा ब्रेड अडीचशे, एक डेझर्ट साडेचारशे, दोन मॉकटेल प्रत्येकी साडेतीनशे. झाले चार हजार. त्यावर जीएसटी. स्वतंत्र रेस्टॉरंट असेल तर ५ टक्के, म्हणजे दोनशे रुपये. पण ज्या मोठ्या हॉटेलात एका दिवसाचं खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर असतं, तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के लागतात, म्हणजे त्याच जेवणावर ७२० रुपये. मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरात ‘कर वेगळे’ लिहिलेलं असतं ते हेच. टिपसाठी तीनशे-चारशे ठेवा, शक्यतो रोख. मी काम केलं तिथं टिप एका डब्यात जमा व्हायची आणि भांडी घासणाऱ्या मुलांपर्यंत वाटली जायची. म्हणजे स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये तुमचं काम पाच हजारांच्या आत आरामात होतं, आणि हे तिला आधीच माहीत असतं. मग टेबलावर बसून आकडे मोजायची वेळ येत नाही.

मेन्यू कळला नाही तर? विचारा. यात काही कमीपणा नाही. ऑर्डर घेणारा कॅप्टन असतो, त्याचा पोशाख इतर वाढणाऱ्यांपेक्षा सहसा वेगळा असतो. त्याचं कामच ते. आम्हाला रोज संध्याकाळी दार उघडण्याआधी शेफ ब्रीफिंग द्यायचे : आज काय ताजं आहे, काय संपलंय, कशात शेंगदाणे आहेत. एवढं पाठ करून उभं राहायचं आणि कुणी काही विचारायचंच नाही, याचं आम्हाला वाईट वाटायचं. तीन गोष्टी विचारल्यात तरी पुरतं : हे चवीला कसं लागतं, दोघांना एक पुरेल का, आणि आज तुम्ही स्वतः काय घ्याल. तिसऱ्या प्रश्नावर चांगला कॅप्टन खुलतो आणि खरं सांगतो.

कोरेगाव पार्कात मलाका स्पाइससारखी १९९७पासूनची जागा आहे. तिथं आग्नेय आशियाई पदार्थ मिळतात. अशा ठिकाणी भात, करी, नूडल्स मध्ये ठेवून वाटून खायचे असतात, त्यामुळं पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्याला ते सोपं जातं. नारळाचं दूध, गवती चहा, चिंच, मिरची या चवी आपल्या जिभेला परक्या नाहीत. युरोपियन पद्धतीच्या ठिकाणी प्रत्येकाची प्लेट वेगळी सजून येते. तिथंही ‘आम्ही वाटून घेणार आहोत’ म्हणालात तर बरेचदा आतूनच दोन प्लेट करून देतात.

आता सगळ्यांत कामाची गोष्ट. कॅप्टननं ऑर्डर घेतली, की ती मशिनमधून कागदाच्या पट्टीवर आत जाते. तिला आम्ही केओटी म्हणतो. तुम्ही स्टार्टर, मेन कोर्स, भात सगळं एका दमात सांगितलंत आणि ते एकाच केओटीवर गेलं, तर आतला माणूस सगळं एकदम लावतो. स्टार्टर निम्मं खाऊन होतंय तोवर करी समोर येते, टेबलावर जागा उरत नाही, निवायच्या आत संपवायची घाई होते, आणि पाऊण तासात तुम्ही बाहेर. एवढे पैसे आपण मोजतो ते निवांत बसायला मिळावं म्हणून. तेव्हा आधी फक्त पेय आणि एक स्टार्टर सांगा. ‘मेन कोर्सचं नंतर सांगतो’ म्हणा. किंवा सगळं सांगून ‘मेन कोर्स होल्ड करा’ म्हणा, हा शब्द तिथं सगळ्यांना कळतो. मग तुमच्या पहिल्या प्लेट उचलल्या गेल्यावरच कॅप्टन आत जाऊन पुढचं लावायला सांगतो. माझं दोघांच्या टेबलाकडं लक्ष असायचं ते काट्या-सुऱ्यांवर. प्लेटमध्ये काटा आणि सुरी शेजारी शेजारी ठेवली की खाणं झालं, उचला. वेगवेगळी, तिरकी ठेवली की अजून चालू आहे. एवढी एक खूण लक्षात ठेवा, म्हणजे बोलता बोलता कुणी प्लेट ओढून नेणार नाही. बाकी काटा कुठल्या हातात, नॅपकिनची घडी कशी, याची चिंता करू नका. ब्रेड हातानंच तोडायचा असतो. भात-करी हातानं खावीशी वाटली तर खा, वाटीत कोमट पाणी मागून घ्या.

प्रश्न : माझा साखरपुडा झाला आहे. आम्ही दोघं दर पंधरा दिवसांनी बाहेर जेवतो आणि दर वेळी बिल तोच देतो. माझा पगार त्याच्यापेक्षा थोडा जास्त आहे. मी पाकीट काढलं की त्याला ओशाळल्यासारखं होतं. त्याच्या वाढदिवसाला मला त्याला दक्षिण मुंबईतल्या एखाद्या छान ठिकाणी न्यायचं आहे. मी सीकेपी, माशांशिवाय माझं पान हलत नाही. तो आणि त्याच्या घरचे शाकाहारी. त्याच्यासमोर मी मासे मागवावेत का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : बिलाचं सोपं आहे. बुकिंग तू कर, तुझ्या नावावर. पोचल्यावर हात धुण्याच्या निमित्तानं उठ आणि कॅप्टनला सांग, की बिल टेबलावर आणू नका, मी काउंटरवर येऊन देईन. आम्हाला ही विनंती नेहमीची असते आणि तिचा मान आम्ही काटेकोरपणे राखायचो. डेझर्ट येईल तेव्हा जाऊन पैसे देऊन ये. काळं फोल्डर दोघांच्या मध्ये येऊन पडतं तो क्षणच तुमच्यात अवघड होतो आहे, तर तो येऊच देऊ नकोस. घरी परतताना त्याला सरळ सांग : पुढच्या वेळी तू, त्याच्या पुढच्या वेळी मी. लग्नानंतर घरखर्च दोघांनी चालवायचा आहे, त्याची सवय इथूनच लागलेली बरी. हे बोलणं मला मेन्यूपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. ते जेवताना नको, पण टाळूही नकोस.

माशांचं त्यालाच विचार. ‘शेजारी मासे असले तर तुला चालेल का?’ एवढा एकच प्रश्न, घरून निघायच्या आधी. चालेल म्हणाला तर विश्वास ठेव आणि मनापासून खा. नाही म्हणाला तर त्या एका संध्याकाळी शाकाहारी जेव. पण हे कायमचं कसं करायचं ते लग्नाआधी दोघांनी ठरवा. मासे खाणाऱ्या मुलीनं लग्नानंतर गुपचूप सोडून द्यायचे, असं मी कितीतरी घरांत पाहिलंय आणि ते मला पटत नाही.

मासे घेणार असशील तर काटेरी किंवा कवचाचं काही घेऊ नकोस. काळा घोड्याच्या तृष्णाचा बटर गार्लिक खेकडा नावाजलेला आहे, पण खेकड्याला दोन्ही हात लागतात, नांग्या फोडाव्या लागतात आणि समोरच्याकडं बघायला होत नाही. शिवाय काही ठिकाणी जिवंत खेकडा टेबलाशी आणून दाखवतात. शाकाहारी माणसाचं जेवण तिथंच संपेल. रावस किंवा सुरमईचा काटे काढलेला तुकडा बरा.

आणि पापलेट, लॉब्स्टर, खेकडा यांच्यापुढं मेन्यूत किमतीच्या जागी ‘एपीएस’ लिहिलेलं असतं. म्हणजे भाव आकारमानावर. ऑर्डर देण्याआधी वजन किती, आणि त्याचे किती रुपये, हे दोन्ही विचारायचं. गोव्यात तर बऱ्याच ठिकाणी ताटात मासे मांडून दाखवतात आणि तिथंच भाव सांगतात. हे विचारायला लाजून नंतर बिल बघून चेहरे पडलेली जोडपी मी पाहिली आहेत.

प्रश्न : पत्नीच्या पन्नाशीनिमित्त आम्ही दोघं इथल्या एका बड्या रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो. बिलात १० टक्के सेवाशुल्क लावलेलं. मी काढायला सांगितलं तर मॅनेजर म्हणाला, ‘सरकारी आहे, काढता येत नाही.’ आवाज चढले, आजूबाजूचे बघू लागले, पत्नीच्या डोळ्यांत पाणी आलं. पाण्याच्या बाटलीचेही छापील किमतीच्या तिप्पट घेतले. कायदा काय आहे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : मॅनेजर खोटं बोलला. सेवाशुल्क म्हणजे सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर नाही, तो रेस्टॉरंटच्या खिशात जातो. पूर्वी सर्व्हिस टॅक्स नावाचा खरा कर होता, तो १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हा संपला. नावं सारखी असल्यानं अजून गोंधळ होतो आणि काही जण त्याचा फायदा घेतात.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या : सेवाशुल्क बिलात आपोआप लावायचं नाही, दुसऱ्या नावानंही लावायचं नाही, ग्राहकावर सक्ती करायची नाही, आणि द्यायला नकार दिला म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयानं या सूचना कायम ठेवल्या आणि संघटनांच्या याचिका फेटाळल्या. संघटनांनी त्यावर अपील केलं आहे. पण ‘काढता येत नाही’ हे त्या मॅनेजरचं म्हणणं कुठल्याच नियमात बसत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. बिलाचा फोटो जवळ असेल तर तक्रार जरूर नोंदवा.

बाटलीच्या बाबतीत मात्र कायदा तुमच्या बाजूनं नाही. हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावता येतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७चा निकाल आहे. तिथं नुसती बाटली विकली जात नाही, बसण्याची जागा आणि सेवाही दिली जाते, हे त्यामागचं कारण. उपाय एकच : बसल्या बसल्या ‘साधं पाणी’ मागायचं. स्टुअर्ड बाटली हातात घेऊनच येतो आणि झाकण फिरवता फिरवता विचारतो. त्याआधी बोला. चांगल्या ठिकाणी फिल्टरचं पाणी काही न बोलता देतात.

बिल कसं बघायचं तेही सांगते. जीएसटी दोन ओळींत येतो, केंद्राचा अडीच टक्के आणि राज्याचा अडीच टक्के; १८ टक्के लागणाऱ्या मोठ्या हॉटेलात नऊ आणि नऊ. दारू घेतली असेल तर तिच्यावर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट वेगळा लागतो. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे एकूण विक्रीवर ठरावीक टक्के कर स्वतः भरणाऱ्या, छोट्या हॉटेलांना ग्राहकाकडून जीएसटी घेताच येत नाही आणि तसं बिलावर छापावं लागतं. याखेरीज जी टक्केवारी दिसेल तिच्याबद्दल विचारा.

पण जागा बदलून विचारा. टेबलावर वाद घातला की वाढणारी मुलं, शेजारची माणसं, सगळे प्रेक्षक होतात, आणि मॅनेजरलाही माघार घेणं अवघड जातं. मी मॅनेजर होते म्हणून सांगते, काउंटरपाशी एकट्यानं येऊन, हळू आवाजात ‘हे काढून द्या’ म्हणणाऱ्याचं बिल दोन मिनिटांत बदलून मिळतं. त्याहून बरं म्हणजे टेबल सांगताना फोनवरच विचारून घ्या, सेवाशुल्क लावता का? हो म्हणाले तर दुसरीकडं जा.

आणि पत्नीला पुन्हा घेऊन जा. वर्षभर थांबू नका, येत्या महिन्यातच न्या. तिच्या पन्नाशीची आठवण त्या काउंटरवरच्या माणसाकडं राहता कामा नये.

प्रश्न : आम्ही दोघंही निवृत्त. द्राक्षांच्या गावात जन्म गेला, पण वाइन कधी चाखली नाही. एकदा दोघांनी जेवताना घ्यावी असं हिलाच वाटतंय. बाटली घ्यावी का? कुठली? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : वहिनींना माझा नमस्कार सांगा, छान विचार आहे. बाटली नको, ग्लास मागवा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण पाच ग्लास होतात, पहिल्या वेळी ते तुम्हा दोघांना फार होतील. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला आणि यॉर्क हे वाइन बनवणारे कारखाने आहेत, तिथं द्राक्षमळ्यांकडं बघत जेवताही येतं. सूर्यास्ताच्या आधी पोचा. सुरुवात शेनिन ब्लाँपासून करा. ही पांढरी वाइन किंचित गोडसर असते आणि आपल्या तिखट-मसालेदार जेवणाबरोबर चांगली जाते. सोव्हिन्याँ ब्लाँ जास्त आंबट आणि कोरडी लागते. लाल वाइनचा तुरटपणा मिरचीबरोबर जिभेवर चढतो, म्हणून ती पुढच्या खेपेला, एखाद्या सौम्य पदार्थासोबत. एकानं शेनिन घ्या, दुसऱ्यानं सोव्हिन्याँ, आणि ग्लास अदलाबदल करा.

पुढं कधी बाटली घेतलीत तर कॅप्टन आधी लेबल दाखवील आणि थोडीशीच ओतून थांबेल. तेव्हा वास घ्यायचा, घोट घ्यायचा आणि मान हलवायची. वाइन खराब झालेली नाही ना, एवढंच तिथं बघायचं असतं. औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. गाडी तुम्ही चालवू नका. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, पण मी तर म्हणेन एका घोटानंतरही किल्ली हातात घेऊ नये. जाता-येता टॅक्सी ठरवा.

प्रश्न : तुम्ही पुण्या-मुंबईचंच लिहिता. आमच्याकडं हायवेला गार्डन रेस्टॉरंटं आणि परमिट रूमशेजारचा फॅमिली सेक्शन, एवढंच आहे. यजमानांचा यंत्रमागाचा धंदा. ते जेवायला बसले की वीस मिनिटांत हात धुवून मोकळे. दोघांनी निवांत जेवण आमच्या नशिबात नाही. (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : का नाही? तुमच्या हायवेवर उत्तम स्वयंपाक करणारे आचारी आहेत. कोल्हापूर-इचलकरंजीचा रस्सा चाखायला आम्ही पुण्याहून येतो. फक्त वार निवडा. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे वार, त्या दिवशी आख्खी खानावळ भरून वाहते. सोमवारी किंवा गुरुवारी जा. यजमानांना त्या दिवशी मटण चालत नसेल तर मंगळवारी. संध्याकाळी सातला पोचा. नऊनंतर मोठ्या पार्ट्या येतात आणि गोंगाट वाढतो.

मालकाला दुपारी फोन करा. तुमच्या भागात मालक स्वतः गल्ल्यावर असतो आणि माणसं ओळखतो, ही सोय पुण्या-मुंबईत नाही. त्याला सांगा : लॉनच्या कडेचं टेबल हवं, टीव्ही आणि स्पीकरपासून लांब, पायाशी डासांची कॉइल लावून ठेवा. मुलं सासूबाईंकडं ठेवा. यजमानांना कारखान्यातून परस्पर येऊ देऊ नका. घरी येऊन, अंघोळ करून, कपडे बदलून, मग दोघांनी एकत्र निघायचं.

वीस मिनिटांत जेवण उरकायची सवय त्यांना लागली आहे, कारण सगळं ताट एकदम समोर येतं आणि मागं माग चालू असतात. तेव्हा ऑर्डर तुम्ही द्या. वाढणाऱ्या पोराला आधीच बाजूला घेऊन सांगा, की मी म्हणेन तेव्हाच पुढचं आण. आधी नुसतं सोलकढी किंवा सूप. ते संपल्यावर सुकं आणि कांदा-लिंबू. मग दहा मिनिटं काही नाही. त्यानंतर तांबडा-पांढरा, आणि भाकरी एकावेळी एकच, तव्यावरून थेट. भात सगळ्यांत शेवटी, तोही मागितल्यावर. पुढचा पदार्थ यायचा आहे हे माहीत असेल तर ते उठणार नाहीत. फोन आला तर दिवाणजींना घ्यायला सांगून ठेवा.